सांगणाऱ्याचं तोंड कुठे होतं? ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांमधली दिशा आणि हालचाल कशी नोंदवावी

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला केप यॉर्क द्वीपकल्पावर होपव्हेल नावाची वस्ती आहे. इथली भाषा गुगु यिमिथिर. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज दुरुस्तीसाठी इथल्याच किनाऱ्याला लागलं आणि 'कांगारू' हा शब्द या भाषेतून इंग्रजीत गेला. भाषाशास्त्रात मात्र हे गाव एका गोष्टीमुळे ओळखलं जातं. एका वयस्कर माणसाने तरुणपणी आपली होडी समुद्रात कशी उलटली, याची हकिगत दोनदा सांगितली, १९८० साली आणि पुन्हा १९८२ साली. दोन्ही वेळा चित्रण झालं. पहिल्या वेळी तो पश्चिमेकडे तोंड करून बसला होता आणि होडी पालथी झाली हे सांगताना त्याचे हात शरीरापासून पुढे गेले. दुसऱ्या वेळी तो उत्तरेकडे तोंड करून बसला होता आणि तेच हात उजवीकडून डावीकडे गेले. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी ही दोन्ही चित्रणं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला: दोन्ही वेळा हात पूर्वेकडून पश्चिमेकडेच गेले होते, कारण होडी तशीच उलटली होती.

आता असं समजा, की तो माणूस कुठे तोंड करून बसला होता हे कुणी टिपूनच ठेवलं नसतं. मग आपल्याकडे उरले असते दोन वेगवेगळे हातवारे, आणि 'सांगणाऱ्याने दुसऱ्यांदा वेगळं सांगितलं' असा साफ चुकीचा निष्कर्ष. या लेखात मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे: दिशा आणि हालचाल नोंदवायची असेल तर आवाजासोबत जमीन आणि शरीरही नोंदवावं लागतं. हे काम नंतर, विद्यापीठात परतल्यावर करता येत नाही.

आणि नंतर ती माणसंही नसतात. १७८८ साली इंग्रज वसाहत झाली तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. आज मुलं घरातून सहज शिकतात अशा भाषा डझनभरच्या आसपास उरल्या आहेत. हे आपोआप घडलेलं नाही. उदाहरणार्थ, कार्पेंटेरियाच्या आखातातल्या बेंटिंक बेटावरच्या सगळ्या लोकांना १९४८ साली उचलून मॉर्निंग्टन बेटावरच्या मिशनमध्ये नेलं गेलं आणि मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहात ठेवलं. कायर्डिल्ड भाषेची पुढच्या पिढीकडे जाणारी वाट तिथेच बंद झाली. ज्या भाषेत चार दिशांच्या धातूंपासून डझनावारी शब्द बनत होते, ती बोलणारी माणसं स्वतःच्या जमिनीपासून दूर गेली. दिशांची भाषा टिकायला ती जमीन पायाखाली असावी लागते, म्हणून या विषयाची घाई इतर व्याकरणापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं.

हा लेख भाषाशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आहे, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि घरच्या जवळ असंच काम करू बघणाऱ्यांसाठीही आहे.

जाण्याआधी: आपली स्वतःची सवय ओळखा

वस्तू कुठे आहे हे सांगायच्या ढोबळमानाने तीन चौकटी मानल्या जातात. पहिली अंगभूत: 'देवळाच्या पुढे पार आहे', कारण देवळाला स्वतःचं तोंड असतं. दुसरी सापेक्ष: 'झाडाच्या डावीकडे', म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, बघणारा पलीकडे गेला की डावं-उजवं बदलतं. तिसरी निरपेक्ष: 'विहीर वाड्याच्या उगवतीला आहे'. कोण कुठून बघतंय याने इथे काही फरक पडत नाही.

मराठीत तिन्ही चालतात. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशा लिहितात. त्याच घरात चहाचा कप मात्र 'डाव्या हाताला' असतो. कोकणात वरची वाडी आणि खालची वाडी चढ-उतारावरून ठरते. गुगु यिमिथिरमध्ये डावा हात आणि उजवा हात यांना शब्द आहेत, पण ते हातांपुरते. टेबलावरचा कपसुद्धा दिशेनेच सांगायचा. हा फरक वाचून समजतो, पण अंगवळणी पडत नाही.

म्हणून आधी घरी सराव करा. गावाकडच्या आजीला किंवा मामाला शेताची वाट सांगायला लावा, बसायची जागा आणि तोंडाची दिशा आधी लिहून ठेवा, चित्रण करा. मग तीच वाट दुसऱ्या दिवशी, खुर्ची फिरवून, पुन्हा सांगायला लावा. हात कुठे गेले, 'वर', 'खाली', 'पलीकडे', 'उगवतीला' हे शब्द कधी आले, ते तपासा. मराठी तुम्हाला येते, त्यामुळे उपकरण आणि नोंद यांतल्या चुका इथे लगेच उघड्या पडतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शक्य असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात बोलल्या जाणाऱ्या निहालीवर झालेलं काम जरूर बघावं. कुठल्याच भाषाकुळात न बसणारी ही भाषा बोलणारे मोजके हजार लोक उरले आहेत. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक पायरी तिथेही लागू पडते.

परवानगी ही पहिली पायरी, औपचारिकता म्हणून उरकायची नाही

तुम्ही 'भाषा वाचवायला' जात नसता. भाषा त्या लोकांची असते, तिचं काय करायचं हे ते ठरवतात, आणि तुम्हाला बोलावलं तर तुम्ही मदतीला जाता. सगळे नियम याच समजुतीवर उभे आहेत.

कॅनबेरातल्या 'आयात्सिस' या संस्थेने आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या लोकांविषयीच्या संशोधनासाठी २०२० साली नीतिसंहिता प्रसिद्ध केली. ती आधी पूर्ण वाचा. तुमच्या विद्यापीठाच्या नीती समितीची मंजुरी लागतेच. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या जमीन हक्क कायद्याखाली आलेल्या जमिनीवर पाऊल ठेवायलाही परवाना लागतो. तो मध्य भागात सेंट्रल लँड कौन्सिलकडून आणि उत्तरेत नॉर्दर्न लँड कौन्सिलकडून मिळतो. पण कागदांच्या आधी स्थानिक भाषा केंद्राला लिहा. तुमचा विषय तिथल्या कुणाला हवा आहे का, हे तिथेच कळतं. कदाचित त्यांना शाळेसाठी जागांच्या नावांचा नकाशा हवा असेल. तोच तुमचा प्रकल्प असू शकतो.

सांगणाऱ्यांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्यायचा, आणि दर केंद्राला विचारून ठरवायचा. संमती एकदाच सही घेऊन संपत नाही: हे चित्रण कोण बघू शकेल, नातवंडं बघतील का, अनोळखी लोक बघतील का, मी गेल्यावर काय करायचं, हे प्रत्येक फितीसाठी वेगळं विचारा. अनेक समाजांत माणूस वारल्यावर त्याचं नाव घेत नाहीत, फोटो आणि आवाजही काही काळ लावत नाहीत. मृत्यू झाला की काम थांबतं, किती दिवस ते तुम्ही विचारायचं नाही. (वरच्या होडीच्या गोष्टीत सांगणाऱ्याचं नाव मी याच कारणाने लिहिलं नाही, जरी ते छापलेलं आहे.)

वेळापत्रक करताना पावसाळा लक्षात घ्या. उत्तरेत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल रस्ते पाण्याखाली जातात. मे ते ऑक्टोबर हा काळ बरा.

आधी झालेलं काम ऐका

आयात्सिसचा भाषांचा कोश 'ऑस्टलँग' आंतरजालावर खुला आहे. प्रत्येक भाषेची वेगवेगळी स्पेलिंगं आणि उपलब्ध साहित्य तिथून कळतं. २००३ साली सुरू झालेलं 'पॅराडिसेक' हे ध्वनिसंग्रहालय आणि चार्ल्स डार्विन विद्यापीठाचा आदिवासी भाषांतल्या पुस्तिकांचा संग्रह हेही पाहा. जुन्या फिती सापडल्या तर त्या घेऊन कुटुंबाकडे जा, पण लावण्याआधी विचारा. ओळखीचा आवाज ऐकून माणसं अशा वाटा आणि पाणवठे सांगू लागतात, जे प्रश्नावलीत कधीच आले नसते.

उपकरणं, आणि एक होकायंत्र

आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ: डोक्यावरचा किंवा कॉलरचा, वर केसाळ वारारोधक. कॅमेरा तिकाटण्यावर, आणि चौकट इतकी रुंद की हात पूर्ण पसरले तरी बाहेर जाणार नाहीत. इथे बहुतेकांची सवय आडवी येते. आपण चेहरा मोठा दिसावा म्हणून जवळ जातो आणि नेमका दाखवणारा हात कापला जातो. जमिनीवर वाळूत रेघा ओढून सांगणारी माणसं असतील तर दुसरा कॅमेरा वरून खाली बघणारा हवा. मध्य ऑस्ट्रेलियात वाळूत काढत सांगायच्या गोष्टी ही बायकांची मोठी परंपरा आहे, तिथे जमीन हेच पान असतं.

आता होकायंत्र. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर (होकायंत्राची सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (भौगोलिक ध्रुवाची) यांच्यातला फरक एखाद्या अंशाच्या आत असतो, त्यामुळे आपण त्याकडे लक्ष देत नाही. ऑस्ट्रेलियात हा फरक जागेनुसार बदलतो. सिडनीजवळ तो साधारण १२ अंश आहे. फोनमधल्या होकायंत्राला 'खरी उत्तर' दाखवायला सांगा आणि नोंदीत तसं लिहा. गाडीच्या बॉनेटवर किंवा लोखंडी खाटेवर होकायंत्र ठेवून वाचू नका.

दुसरी गोष्ट सूर्याची. वर्षातला बराचसा काळ आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आणि नकळत आपण त्यावरून दिशा धरतो. मध्य ऑस्ट्रेलियातलं ॲलिस स्प्रिंग्ज मकरवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेला असतो. होपव्हेलच्या अक्षांशावर तो वर्षातला बहुतेक काळ उत्तरेला आणि नोव्हेंबर ते जानेवारी दक्षिणेला असतो. भारतातून गेलेल्या माणसाचा अंदाज इथे अगदी उलटा पडू शकतो, आणि समोरचा माणूस तर तुम्हाला दिशा कळतात हे गृहीत धरूनच बोलत असतो.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला चित्रण चालू ठेवूनच होकायंत्र कॅमेऱ्यासमोर धरा आणि मोठ्याने बोला. कागदावरची नोंद अशी काहीशी हवी:

ठिकाण: भाषा केंद्राच्या मागचं अंगण, झाडाखाली. जीपीएस: घेतलं. वेळ: सकाळी ९.४०. सांगणाऱ्याचं तोंड: २७० अंश, खरी उत्तर धरून. कॅमेरा: सांगणाऱ्याच्या समोर, ९० अंशांकडे बघणारा. ऐकणारे: बहीण, सांगणाऱ्याच्या उत्तरेला, मी, दक्षिणेला. मध्येच बदल: १२ व्या मिनिटाला उन्हामुळे खुर्ची सरकवली, नवं तोंड ३०० अंश. दिसणाऱ्या खुणा: पाण्याची टाकी उत्तरेला, नदी दिसत नाही.

तो 'मध्येच बदल' हा रकाना विसरू नका. माणसं सावलीबरोबर सरकत राहतात.

बंद खोलीत बसणं टाळा. आवाज स्वच्छ येतो हे खरं, पण भिंती असल्या की माणूस कमी दाखवतो.

दिशेचा शब्द विचारण्याआधी, दिशा आहे का ते बघा

'उत्तरेला काय म्हणता?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. उत्तर मिळेल, आणि ते उत्तर तुम्हाला बराच काळ चुकीच्या रस्त्यावर ठेवेल.

कारण पहिलं: त्या भाषेची दिशा तुमच्या होकायंत्राशी जुळेलच असं नाही. गुगु यिमिथिरमधले चार धातू, गुंगा, जिबा, नागा आणि गुवा, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे आपण मांडतो. प्रत्यक्षात ते बिंदू नसून क्षितिजाचे चार पट्टे आहेत, आणि होकायंत्राच्या तुलनेत ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १७ अंश फिरलेले आहेत. हे शोधायचं कसं? मोकळ्या जागी उभं राहा, ओळखीच्या दहा-पंधरा ठिकाणांकडे एकेक करून हात दाखवायला सांगा, प्रत्येकाचा कोन मोजा आणि शेजारी तो माणूस कुठला शब्द वापरतो ते लिहा. हेच वेगवेगळ्या माणसांबरोबर आणि वेगवेगळ्या जागांवरून करा. पट्ट्यांच्या कडा आपोआप दिसू लागतात.

कारण दुसरं: चौकट सूर्याचीच असेल असं नाही. नॉर्दर्न टेरिटरीतल्या व्हिक्टोरिया नदीच्या खोऱ्यातली जामिनजुंग भाषा नदीच्या प्रवाहावर चालते. मुख्य शब्द आहेत 'प्रवाहाच्या वर' आणि 'प्रवाहाच्या खाली'. इथे होकायंत्रापेक्षा नदीचा नकाशा जास्त उपयोगी. नदी वळते, उपनद्या येऊन मिळतात, मग 'वर' कुठे? नदीपासून दूर गावात बसलं असताना 'वर' कुठे? हे प्रश्न जागेवर जाऊनच सुटतात.

कारण तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: चार दिशांचे शब्द नसूही शकतात. नॉर्दर्न टेरिटरीतल्या वडेये इथली मुरिन्पाथा ही आजही मुलांच्या तोंडी असलेली भाषा. जो ब्लाइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की तिथे असे अमूर्त दिशाशब्द वापरात नाहीत. माणसं जागेचं नाव घेतात, 'इकडचं-तिकडचं' म्हणतात आणि अचूक हात दाखवतात. म्हणजे दिशेचं ज्ञान पक्कं, पण ते शब्दांऐवजी हातात. फक्त आवाज टिपणाऱ्याला या भाषेत दिशा सापडणारच नाही. 'सगळे आदिवासी उत्तर-दक्षिण बोलतात' हे वाक्य आंतरजालावर फार फिरतं. ते खरं नाही, आणि या लोकांमधल्या भिन्नतेवर ते अन्याय करतं.

मग सुरुवात कशाने करायची? वाट सांगण्याने. मासे कुठे पकडले, गाडी कुठे रुतली, रताळी कुठे खणली, आजोबांचा तळ कुठे होता. प्रश्न घटनेविषयी विचारा, शब्दांविषयी नको. केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर पॉर्मपुराव इथे कूक थायोर बोलणारे एकमेकांना भेटल्यावर 'कुठे चाललास?' असंच विचारतात, आणि उत्तरात दिशा येते. अशी रोजची बोलाचाली टिपायला मिळाली तर ती कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मोलाची आहे. याच वस्तीत ॲलिस गॅबी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी काळाच्या क्रमाची चित्रं मांडायला दिली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोकांनी तोंड कुठेही असलं तरी चित्रं पूर्वेकडून पश्चिमेकडे लावण्याकडे कल दाखवला. काळाविषयीच्या गप्पा टिपतानाही तोंडाची दिशा लिहून ठेवा, ती याचसाठी.

खेळ आणि चित्रं, जपून

नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या माक्स प्लांक संस्थेने यासाठी साधनं बनवली आहेत. त्यातला 'माणूस आणि झाड' हा १९९२ सालचा खेळ दोघांनी खेळायचा असतो. दोघांकडे फोटोंचा एकच संच, मध्ये पडदा. एकाने फोटोचं वर्णन करायचं, दुसऱ्याने तोच शोधायचा. 'टेबलावर कप', 'बोटात अंगठी' यांसारख्या स्पर्शाच्या आणि आत-बाहेरच्या संबंधांसाठी ७१ रेखाचित्रांचा वेगळा संच आहे. आणखी एक चाचणी: टेबलावर खेळण्यातली जनावरं रांगेत लावायची, माणसाला पाठ फिरवून दुसऱ्या टेबलाकडे न्यायचं आणि तीच रांग पुन्हा लावायला सांगायची. डावं-उजवं धरणारा रांग स्वतःबरोबर फिरवतो, दिशा धरणारा ती जमिनीच्या हिशेबाने तशीच ठेवतो.

खेळताना काही पथ्यं. जोडी ओळखीची, नात्याने एकमेकांशी बोलता येईल अशी हवी. अनेक समाजांत जावई आणि सासू एकमेकांशी थेट बोलत नाहीत, त्यांना समोरासमोर बसवलंत तर सगळ्यांचीच पंचाईत. दोघांनी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसायचं. नंतर बैठक ९० अंश फिरवून पुन्हा खेळायचं. फोटोतलं जग सपाट असतं, त्याला दिशा नसते. कुणी 'हा माणूस पूर्वेला बघतोय' म्हणालं तर कार्ड त्या क्षणी कसं धरलं होतं ते कॅमेऱ्यात दिसायला हवं. वयस्कर माणसांना फोटो आवडत नसतील तर खेळणी थेट जमिनीवर मांडा. कंटाळा दिसला की थांबा. खेळातून तुलना करता येते, पण भाषा कळते ती गोष्टींमधूनच.

हालचाल: 'जाऊन', 'येता येता', 'परत जाऊन'

दिशेपेक्षा हालचालीचं व्याकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि भाषांतराच्या प्रश्नांतून ते हमखास निसटतं.

ॲलिस स्प्रिंग्ज परिसरातल्या आरेन्टे भाषेत आणि तिच्या नात्यातल्या कायटेटजमध्ये कुठल्याही क्रियापदाला असे प्रत्यय लागतात, की ती कृती हालचालीच्या कुठल्या टप्प्यावर झाली ते कळतं: तिथे जाऊन केली, येता येता केली, परत जाऊन केली, पोचल्या पोचल्या केली. हॅरल्ड कोच यांनी १९८४ साली कायटेटजमधल्या या प्रकाराला 'सहचारी गती' म्हणता येईल असं नाव दिलं आणि डेव्हिड विल्किन्स यांनी आरेन्टेत त्याचा सविस्तर अभ्यास केला. मराठीत आपण 'खाऊन ये', 'जाता जाता घे' अशी दोन क्रियापदं जोडतो, त्यामुळे हा अर्थ आपल्याला परका नाही. अडचण अशी, की तुम्ही इंग्रजीतून 'तो गेला आणि त्याने खाल्लं' हे भाषांतरायला दिलंत तर समोरचा सभ्यपणे दोन क्रियापदं देईल आणि प्रत्यय कधी ऐकूच येणार नाही. म्हणून घडलेला प्रवास हवा. शिकारीचा दिवस, दुकानाची फेरी, पूर्वजांनी कुठून कुठे प्रवास केला याच्या, सांगायला मोकळ्या असलेल्या कथा.

मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत 'इकडे', 'तिकडे' आणि 'समोरून ओलांडून' असे अर्थ देणारे छोटे प्रत्यय क्रियापदाला किंवा दिशेच्या शब्दाला चिकटतात. यातलं 'इकडे' म्हणजे बोलणाऱ्याकडेच असं धरून चालू नका. गोष्ट पुढे सरकते तसा केंद्रबिंदू पात्राच्या तळाकडे सरकू शकतो. प्रत्येक वापराशेजारी एक प्रश्न लिहा: 'इकडे' म्हणजे कुणाकडे? याचं उत्तर तुम्ही अंदाजाने भरायचं नाही, सांगणाऱ्याला विचारायचं.

जामिनजुंगमध्ये रूपं बदलणारी क्रियापदं तीसच्या आसपासच आहेत. 'जा', 'ये', 'पड' अशा क्रियापदांसोबत न बदलणारे शब्द येतात आणि वर चढणं, गोल फिरणं, लंगडत चालणं हे सगळं त्या शब्दांत असतं. डोरोथिया हॉफमन यांनी जामिनजुंग आणि इंग्रजीतून घडलेली तिथली क्रिऑल या दोन्हींमधली प्रवासवर्णनं शेजारी ठेवून अभ्यासली. ही दिशा मला फार योग्य वाटते. वयस्करांची 'शुद्ध' भाषा टिपून तरुणांना वगळलं तर भाषा कशी बदलली हे कधीच कळणार नाही, आणि तरुणांना आपली बोली कमी दर्जाची वाटायला लागेल. उत्तर ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर क्रिऑल आधी शिका. ती स्वतंत्र भाषा आहे.

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे प्रत्यक्ष प्रवास. वयस्कर मंडळींना गाडीतून त्यांच्या मुलखात घेऊन जा, अर्थात त्यांना जायचं असेल आणि त्या जागेच्या धन्यांची हरकत नसेल तर. जीपीएसचा माग चालू ठेवा, कॉलरचा मायक्रोफोन लावा, कॅमेऱ्याचं आणि जीपीएसचं घड्याळ निघण्याआधी एकच करून घ्या. मग 'इथून वळ' हे वाक्य नेमकं कुठे उच्चारलं गेलं, तेव्हा गाडी कुठल्या दिशेला चालली होती, हे सेकंदागणिक जुळवता येतं. घरी परतल्यावर त्याच दिवसाची हकिगत पुन्हा सांगायला लावा. वाटेवरचं बोलणं आणि नंतरची गोष्ट, दोन्ही असली की प्रत्येक दिशेचा शब्द तपासता येतो.

लिहून काढणं

माक्स प्लांक संस्थेचंच 'ईलॅन' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. चित्रण आणि आवाज एका बाजूला, खाली ओळींचे थर: बोललेलं वाक्य, त्याचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचा अर्थ, भाषांतर. या विषयासाठी आणखी चार थर जोडा: हाताची हालचाल, त्या हालचालीचा खरा कोन, ज्या जागेविषयी बोलणं चाललं आहे तिचा खरा कोन, आणि केंद्रबिंदू कोण.

कोन काढायची रीत साधी आहे. सांगणाऱ्याचं तोंड २७० अंशांकडे आहे आणि हात त्याच्या स्वतःच्या उजवीकडे गेला, तर २७० अधिक ९०, म्हणजे ३६०: उत्तर. डावीकडे गेला तर १८०: दक्षिण. पण समोरच्या कॅमेऱ्यात त्याचा उजवा हात पडद्यावर डावीकडे दिसतो. दमल्यावर इथे हमखास घोळ होतो, म्हणून पडद्याच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर त्या सत्राच्या चार दिशा लिहून ठेवा. बोट दाखवणं एवढंच टिपू नका; पसरलेला पंजा, ओठ, नजर, हनुवटी यांनीही दिशा दाखवतात, आणि दाखवण्याच्या आकाराला अर्थ असू शकतो.

शब्दांतली दिशा आणि हाताची दिशा जुळत नसेल तर 'चूक' असा शेरा मारू नका. तोंडाची नोंद पुन्हा बघा, खुर्ची हलली होती का बघा, गोष्टीचा केंद्रबिंदू दुसऱ्या जागी गेला होता का बघा. तरीही जुळलं नाही तर सांगणाऱ्यासोबत चित्रण पुन्हा पाहा, आणि शक्यतो मूळ सत्राच्या जागीच बसून. या कामात एका मिनिटाच्या चित्रणाला कित्येक तास जातात. तेव्हा खूप तास चित्रण करून कपाटात ठेवण्यापेक्षा थोडं चित्रण सांगणाऱ्यांच्या हयातीत, त्यांच्या मदतीने पूर्ण लिहून काढणं मला कितीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं.

जागांची गुप्तता आणि साहित्य परत देणं

या विषयात एक जोखीम आहे, जी ध्वनी किंवा व्याकरणाच्या अभ्यासात एवढी नसते. तुमच्या फाइलींमध्ये जागांचे अचूक अक्षांश-रेखांश आहेत. त्यांतल्या काही जागा पवित्र असतात, काही फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या. काहींची नावंसुद्धा सगळ्यांसमोर घ्यायची नसतात. म्हणून जीपीएसचा माग वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवा. प्रसिद्ध करायच्या प्रतीत दिशा आणि अंदाजे अंतर पुरतं. कुठली जागा उघड करायची हे त्या जागेच्या जबाबदार माणसांना नकाशा समोर ठेवून विचारा. फोनच्या फोटोंमध्ये जागेची माहिती आपोआप चिकटते, ती काढल्याशिवाय एकही फोटो कुठे टाकू नका.

रोज संध्याकाळी तीन प्रती: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात किंवा नेट मिळेल तिथे सर्व्हरवर. काम संपल्यावर पूर्ण संच पॅराडिसेक, आयात्सिस किंवा सध्या बर्लिनमध्ये असलेलं 'एलार' हे भाषांचं संग्रहालय यांपैकी कुठे ठेवायचा ते समाजासोबत ठरवा आणि प्रत्येक फाइलीला पाहण्याची अट जोडा.

समाजाला द्यायची प्रत मात्र वेगळी करावी लागते. वेव्ह आणि ईलॅनच्या फाइली तिथे कुणी उघडणार नाही. फोनवर चालतील अशा छोट्या चित्रफिती करा, खाली त्यांच्या भाषेतली ओळ द्या, पेन ड्राइव्हवर घरोघरी द्या, एक प्रत भाषा केंद्रात आणि एक शाळेत. शाळेसाठी अंगणात खऱ्या दिशांना लावलेले, त्यांच्या भाषेतल्या दिशांचे शब्द लिहिलेले चार खांब उभारता आले तर बघा. ते खांब होकायंत्राप्रमाणे न लावता तुम्ही मोजलेल्या त्या भाषेच्या पट्ट्यांप्रमाणे लावायचे, आणि लावताना कोन सांगायला गावातली म्हातारी माणसं सोबत हवीत. पुढच्या वेळी कुणी वारल्याचं कळलं, तर आधी केंद्राला फोन करून त्या व्यक्तीच्या फिती तात्पुरत्या बंद करायच्या का ते विचारा, आणि संग्रहालयालाही त्याच दिवशी कळवा.